डांबराखाली निघालेली फरसबंदी का टिकली, आणि आता गल्लीत काय घालावे?

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या पेठेतली साधारण ३ मीटर रुंदीची गल्ली. नळाच्या पाइपसाठी चर खणला तेव्हा डांबराखाली काळ्या दगडाची फरसबंदी निघाली, तीही शाबूत. वरचे डांबर मात्र दर पावसाळ्यात उखडते. नगरपरिषद पेव्हर ब्लॉक घालायचे म्हणते, काही रहिवाशांना काँक्रीट हवे आहे, काहींना दगडच परत हवा आहे. जुने दगड का टिकले आणि आता काय टिकेल?

वरचे उखडणारे डांबर आणि खालची शाबूत फरसबंदी, दोन्ही बहुधा एकाच काळ्या दगडाची आहेत. डांबरी थराच्या वजनात सुमारे ९५ टक्के खडी, कच आणि भुकटी असते. डांबर असते जेमतेम ५ ते साडेपाच टक्के. त्यामुळे ‘पूर्वीचा दगडच कणखर होता’ एवढ्याने उत्तर होत नाही. एक दगड दुसऱ्याशेजारी कसा धरून ठेवला आहे आणि दोघांमधल्या फटीत शिरलेल्या पाण्याला वाट कुठे आहे, यावर सगळे ठरते. त्या फटीला सांधा म्हणा किंवा दर्ज. रस्ते बांधणाऱ्यांनी गेली दोन हजार वर्षे या सांध्याशीच झुंज दिली आहे आणि तुमच्या गल्लीचा निकालही तिथेच लागेल. म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो.

रोमनांचा आपियन मार्ग इ.स.पू. ३१२ मध्ये सुरू झाला. त्यावर पुढे ज्वालामुखी खडकाचे बहुकोनी दगड बसवले गेले. गाडीवाट सुमारे ४.१ मीटर रुंद आणि सांधे इतके घट्ट की दगड एकमेकांच्या कोपऱ्यांत अडकून राहतात. पाठ्यपुस्तकांत रोमन रस्त्याचे चार ठरावीक थर दाखवतात, पण ते वर्णन मुळात रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने इमारतींच्या जमिनींसाठी केलेले आहे. उत्खननात दिसते ते असे की, रोमन लोक जागेवरची माती पाहून थर बदलत. हे मला त्या चार थरांपेक्षा मोलाचे वाटते. पॉम्पेईत गाड्यांच्या चाकांनी दगडांत खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. गल्ल्या अरुंद, दगड बदलायचे तर वाहतूक बंद. तेव्हा तिथल्या लोकांनी भेगांत आणि झिजलेल्या जागी वितळलेले लोखंड ओतून डागडुजी केली होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून हे पुढे आले. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या त्या शहराची अडचण तुमच्या गल्लीसारखीच होती: दगड बरा होता, पण दुरुस्तीसाठी रस्ता मोकळा मिळत नव्हता.

आपल्याकडे नाणेघाटाची दगडी वाट सातवाहन काळापासूनची. पण ती लादलेल्या जनावरांच्या खुरांसाठी. तिथे पायऱ्या चालतात, चाक चालत नाही. जुनी फरसबंदी पाहताना ती खुरासाठी केली होती की चाकासाठी हे आधी ओळखावे. खुराच्या वाटेवर मोठे, पसरट दगड टिकतात. चाकाखाली पसरट दगड एका कडेवर दबला की दुसऱ्या कडेने उचलतो, डुलू लागतो, आणि डुलणारा दगड खालची माती पाण्याबरोबर सांध्यातून वर फेकतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांनी मोठे दगड सोडून अरुंद, खोल घडीव ठोकळे धरले ते याचसाठी. लंडनमध्ये ठोकळ्याची रुंदी सुमारे ३ इंचांवर आली. लांब बाजू रस्त्याला आडवी ठेवायची, म्हणजे घोड्याच्या नालेला दर ३ इंचांवर सांध्याचा आधार मिळतो आणि चाक सांध्यातून सरळ धावत नाही. हा आडव्या मांडणीचा नियम आजही जसाच्या तसा लागू आहे.

मुंबईत १८७४ ला घोड्यांची आणि १९०७ ला विजेची ट्राम आली. ती १९६४ पर्यंत चालली. रुळांच्या कडेने दगडी ठोकळे बसवण्यामागे कारण होते: रुळाच्या कंपनाने शेजारचा अखंड थर तडकतो, आणि रूळ दुरुस्त करायचा तर तेवढेच ठोकळे उचलून परत बसवता येतात. फ्लोरा फाउंटनजवळच्या कामात डांबराखालून ट्रामचे रूळ निघाले, तसेच तुमच्या गल्लीतले दगडही उचलून परत बसवण्याजोगे असणार.

मधे येतो जॉन मॅकॅडम हा स्कॉटिश रस्ते बांधणारा, आणि त्याच्याशिवाय आपली खडीची सडक समजत नाही. १८१६ मध्ये तो ब्रिस्टलच्या रस्त्यांचा प्रमुख झाला. त्याचा समकालीन टेलफर्ड तळाशी मोठे दगड हाताने उभे रचून घेई, आपल्या सोलिंगसारखे. मॅकॅडम म्हणाला, तळाच्या मोठ्या दगडांची गरजच नाही. भार शेवटी मूळ जमीनच पेलते, तिला कोरडी ठेवा. त्याने खडीचा तुकडा ६ औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा, जड नको असा दंडक घातला. एकूण जाडी १० इंच आणि ९ मीटर रुंदीत मध्यभागी उंची फक्त ३ इंच. माती मिसळायची नाही, टोकदार खडी आपल्याच कोपऱ्यांनी अडकली पाहिजे. सांधा त्याने नाहीसा केला नाही, हजारो बारीक सांध्यांत वाटून टाकला. लोखंडी धावेच्या चाकांनी खडी घासून निघालेली भुकटी त्या सांध्यांत बसे आणि वरून कवच तयार होई. पुढे १८६० च्या दशकात वाफेचे रोलर आले आणि हे काम मुद्दाम पाणी मारून, कच पसरून होऊ लागले.

मोटारीने हे गणित मोडले. हवेचे रबरी टायर भुकटी तयार करत नाहीत, उलट वेगाने जाताना सांध्यातली भुकटी ओढून काढतात. भुकटी गेली की खडी सुटते. १९०८ साली पॅरिसला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय रस्ते परिषदेत धूळ हा मोठा विषय होता तो त्यामुळेच. इंग्लंडमध्ये हूली नावाच्या सर्वेक्षकाने १९०२ मध्ये डांबर आणि लोहमळी (लोखंडाच्या भट्टीतला मळ) यांच्या मिश्रणाचे पेटंट घेतले. तिथून सांध्यात भुकटीच्या जागी चिकट पदार्थ आला. भारतात हाच मोटारींचा प्रश्न घेऊन १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस आली. आज आपण ज्या ‘आयआरसी’च्या, म्हणजे याच काँग्रेसच्या, मानकांवर निविदा काढतो, तिचे मूळ हे.

आता तुमचे डांबर का उखडते ते पाहू. डांबर चांगले काम देऊ शकते. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये पूर्ण झाला आणि चाळीसहून अधिक वर्षे नीट राहिला. बेसाल्टला डांबर ग्रॅनाइटपेक्षा चांगले धरते, हीही आपली जमेची बाजू. पण तुमच्या गल्लीत तीन गोष्टी एकत्र आल्या असणार. एक, थर पातळ, २० ते ३० मिमीचा, आणि तो पायांनी-चाकांनी गुळगुळीत झालेल्या, धुळीने भरलेल्या दगडावर टाकलेला. तिथे टॅक कोट, म्हणजे थर चिकटावा म्हणून आधी मारलेला डांबराचा पातळ हात, पकडच घेत नाही. दोन, खालचे सांधे पावसाळ्यात पाण्याने भरतात. वरून टेम्पोचे चाक गेले की ते पाणी दाबाने थराच्या तळाशी घुसते आणि खडीवरून डांबराचा पापुद्रा सोलते. तीन, अरुंद गल्लीत मोठा रोलर शिरत नाही. मिश्रण १५० ते १६५ अंशांवर तयार होते आणि रोलिंग ९० अंशांच्या वरच संपवावे लागते. हातगाडीने आत नेईपर्यंत पातळ थर गार होतो, दबत नाही. दबलेल्या थरात हवेच्या पोकळ्या ८ टक्क्यांवर राहिल्या की त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी आरपार जाऊ लागते. यावर पुन्हा दुसरा थर टाकणे म्हणजे पाणी आणखी नीट कोंडणे. शिवाय दर थराने रस्त्याची पातळी चढते आणि पुढे पावसाचे पाणी जोत्यावरून घरात येते.

काँक्रीटबद्दल. अमेरिकेत बेलफाँटेन गावात १८९१ ला पहिली काँक्रीटची सडक झाली. मुंबईचा मरीन ड्राइव्हही काँक्रीटचाच, १९४० च्या सुमाराचा, आणि दशकानुदशके टिकला. काँक्रीट सांधा टाळत नाही, तो आधीच ठरवून देते: साधारण दर साडेचार मीटरवर, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीचा काप, तोही काँक्रीट ओतल्यापासून काही तासांतच. काप उशिरा पडला तर काँक्रीट स्वतःच्या मनाने तडकते. किमान १४ दिवस पाणी मारावे लागते. मोठ्या रस्त्यासाठी उत्तम, पण तुमच्या गल्लीसाठी मी याच्या विरुद्ध आहे. खाली नळ, ड्रेनेज, केबल आहेत. दोन वर्षांत कोणीतरी ब्रेकर घेऊन येणारच, आणि फोडलेल्या काँक्रीटला लावलेले ठिगळ भोवतीच्या स्लॅबशी कधी एकजीव होत नाही.

राहिले पेव्हर आणि दगड. दोन्हींची रीत एकच. नेदरलँड्समध्ये मऊ मातीवर भाजलेल्या विटांच्या सडका पूर्वापार होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर विटांचा तुटवडा पडला तेव्हा त्याच मापाचे काँक्रीटचे ठोकळे आले, त्यांचेच आपले पेव्हर. इथे सांधा उघडा आहे आणि त्यातली वाळू हाच भार वाहणारा भाग आहे. एका ठोकळ्यावर चाक आले की सांध्यातल्या वाळूच्या घर्षणाने भार शेजारच्या ठोकळ्यांवर जातो. वाळू गेली की प्रत्येक ठोकळा एकटा पडतो. पेव्हर खचले अशी तक्रार येते तेव्हा ठोकळा क्वचितच फुटलेला असतो. सांधे रिकामे असतात, नाहीतर कडा सुटलेली असते.

आकडे पाहा. २०० × १०० मिमीचे, ८० मिमी जाडीचे ब्लॉक ३ मिमी सांध्याने बसवले तर चौरस मीटरला सुमारे ४८ लागतात. सांध्यांचे क्षेत्र साडेचार टक्क्यांच्या आत आणि त्यांत वाळू बसते साडेतीन लिटर, म्हणजे साधारण ५ किलो. १० सेंमीचे घडीव बेसाल्टचे घन १० मिमी सांध्याने बसवले तर चौरस मीटरला ८२ ते ८३ लागतात, वजन भरते सुमारे २३५ किलो, आणि सांध्यांचे क्षेत्र १७ टक्के. म्हणजे दगडाच्या फरसबंदीत सांधा चौपट. त्यातले साहित्य बारीक वाळूचे असेल तर एका पावसाळ्यात धुऊन जाते. तिथे २ ते ६ मिमीची टोकदार, धुतलेली कच हवी. पेव्हरच्या ३ मिमी सांध्यात मात्र ती शिरत नाही. तिथे २.३६ मिमीच्या चाळणीतून पडणारी कोरडी वाळूच हवी. एकाचे साहित्य दुसऱ्यात घालू नका.

माझा सल्ला: खाली दगड शाबूत आहेत तर आधी तेच उघडे करा. इतकी वर्षे वाहतुकीने दबलेली बैठक आज कोणताही ठेकेदार तयार करून देऊ शकणार नाही. सगळी गल्ली खणून ती घालवणे हे मोठे नुकसान आहे. डांबर थंडीच्या दिवसांत पहाटे काढा, तेव्हा ते ठिसूळ असते आणि पहारीने-छिन्नीने पापुद्रे सुटतात. आगीच्या झोताने वितळवू नका, दगडाच्या कडा उडतात आणि डांबर सांध्यात उतरून पाण्याची वाट बंद करते. उघडल्यावर पहारीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला आणि दगड हलला तर खाली पोकळ आहे. तेवढेच दगड उचला.

उचललेले दगड परत बसवताना आधी उंचीप्रमाणे वेगळे करा. एका पट्ट्यात १० मिमीपेक्षा जास्त फरकाचे दगड मिसळले तर खालची गादी (दगड ज्यावर बसतात तो वाळूचा थर) कुठे जाड, कुठे पातळ होते आणि पहिल्याच वर्षी वरचा भाग लाटा धरतो. नवा दगड घडवून घ्यायचा असेल तर पाथरवटाला सांगा की तळ माथ्याच्या तीन चतुर्थांशाहून लहान नको. खाली निमुळता झालेला दगड सांध्यात पाचरीसारखा फिरतो. माथा फोडीव, खरबरीत ठेवा. पॉलिश केलेला किंवा मशीनने कापून गुळगुळीत राहिलेला बेसाल्ट पावसात घसरतो. शहाबादी फरशी चाकाखाली घालू नका. ती थरांची आणि पातळ असते, वाकवणारा भार सोसत नाही. कोकण-गोव्यातला जांभा पायवाटेला चालतो, पण गाडीच्या चाकाखाली लवकर झिजतो.

जिथे बैठकच नाही किंवा चराने मोडली आहे तिथे खालून सुरुवात करावी लागेल. काळी माती असेल तर ती सगळ्यात मोठी अडचण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिजली की ताकद जवळजवळ उरत नाही. निदान ५०० मिमी काढून चांगला मुरूम १५० मिमीच्या थरांत पाणी मारून दाबा. काढणे शक्य नसेल तर ३ ते ५ टक्के चुना मिसळून माती स्थिर करता येते. त्यावर १५० मिमी जाड खडीचा निचरा थर, त्यावर १५० मिमी वेट मिक्स (खडी, कच आणि पाणी कालवून दाबलेला थर), मग गादी. निचरा थराचे तोंड गटारात उघडलेच पाहिजे. हे नकाशात असते आणि जागेवर गटाराची सिमेंटची भिंत मधे येऊन बंद होते. भिंतीत दर २ मीटरवर ५० मिमीचे छिद्र ठेवून त्याला जाळी लावा. पेव्हरखाली काँक्रीटचा थर टाकण्याची पद्धत पडली आहे, त्यातही निचऱ्याची छिद्रे नसतील तर पाणी गादीत साचून वाळूचा चिखल होतो.

उतार आडवा २.५ ते ३ टक्के. ३ मीटर गल्लीत मधोमध पन्हळ ठेवायची तर दोन्ही बाजूंनी दीड मीटरला साधारण ४ सेंमी. दोन्हीकडे जोती असलेल्या गल्लीत मला मधली पन्हळच बरी वाटते, पाणी भिंतींपासून दूर जाते. पातळी मात्र उंबऱ्यांवरून ठरवा. सर्वांत खालच्या जोत्यापासून १५ सेंमी खाली रस्त्याची कड हवी, मग तेवढे खोदावे लागले तरी चालेल.

कडेचा दगड आधी बसवा, फरसबंदी नंतर. हा क्रम उलटा झाला की ठोकळे बाहेर सरकतात, सांधे रुंदावतात आणि वाळू निसटते. कडेच्या मागे काँक्रीटचा आधार द्या. पेव्हर निवडलात तर ८० मिमी जाडीचा, एम-४० प्रतीच्या (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) काँक्रीटचा घ्या. कचरागाडी आणि पाण्याचा टँकर येणाऱ्या गल्लीत ६० मिमी पुरत नाही. पाणीशोषण सरासरी ६ टक्क्यांच्या आत असल्याचा चाचणी अहवाल मागा. मांडणी हेरिंगबोन, म्हणजे मत्स्यकंटक. ती चाकाच्या ढकलण्याला दोन्ही दिशांनी अडते. कडेला एक तृतीयांशापेक्षा लहान तुकडा लावू नका.

गादी दबल्यावर पेव्हरला २० ते ३० मिमी, दगडाला ३० ते ४० मिमी, आणि सगळीकडे सारखी. खालच्या थराचे उंचसखल गादीने भरून काढायचे नाही, ती जागा नंतर खचते. वाळू जाड, टोकदार हवी, ७५ मायक्रॉनखालची भुकटी ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. ठेकेदार स्वस्त म्हणून क्रशरची डस्ट आणतात. ती उन्हाळ्यात दगडासारखी वाटते आणि पावसात दह्यासारखी होते. पारखायला काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घालून हलवा व तीन तास ठेवा. १०० मिमी वाळूवर ६ मिमीपेक्षा जाड गाळ बसला तर परत पाठवा. गादीत सिमेंट मिसळू नका. अर्धवट घट्ट झालेली गादी चाकाखाली तुकड्यांत फुटते, आणि दगड उचलून परत बसवण्याची सोयही जाते. सिमेंटच्या दर्जा भरायच्या तर खाली पूर्ण काँक्रीट, मसाल्याची गादी आणि ठरावीक अंतरावर प्रसरण सांधे, असे सगळेच कडक करावे लागते. कडक सांधा आणि मऊ गादी ही जोडी कधीच टिकत नाही.

दगड १० ते १५ मिमी उंच बसवून धुमसाने खाली घ्यायचा. पेव्हरवर आधी रिकाम्या सांध्यांनी प्लेट कॉम्पॅक्टरच्या (थरथरणाऱ्या पत्र्याने दाबणारे यंत्र) दोन फेऱ्या, मग कोरडी वाळू झाडून भरणे, पुन्हा फेऱ्या, पुन्हा वाळू. जिथे पुढची ओळ अजून लागलेली नाही त्या मोकळ्या कडेपासून १ मीटर आत थांबा. काम संपल्यावर ३ मीटरची सरळ पट्टी ठेवून पाहा. दगडाखाली १० मिमीपर्यंत फट चालेल, पेव्हरला त्याहून कमी.

पुढचे चर कसे बुजवायचे हे आत्ताच कामाच्या आदेशात लिहून घ्या. चराच्या दोन्ही बाजूंना आणखी ३०० मिमीपर्यंतचे ठोकळे उचलायचे, कारण कडेची गादी चरात ढासळलेली असते. पाइपभोवती वाळू, वर १५० मिमीच्या थरांत भराव, प्रत्येक थर दाबलेला, आणि ठोकळे शेजारच्यांपेक्षा ५ ते ८ मिमी उंच ठेवून. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. पहिल्या पावसाळ्यानंतर सांधे हमखास खाली बसतात. कच १० मिमीपेक्षा खोल गेलेली दिसली की पुन्हा भरा, आणि त्यासाठी दीड-दोन घनमीटर कच व वाळूची तरतूद पहिल्या अंदाजपत्रकातच धरा. नंतर एवढ्याशा कामासाठी वेगळी निविदा निघत नाही आणि तोवर ठोकळे हलू लागलेले असतात.